गाळखताच्या दोन ट्रॉल्या आणि न पेरलेले अडतीस टोमॅटो

झेंडूचं बी टाकून आठ दिवस झाले होते. ट्रे उघडून बघते तर झेंडू जेमतेम तिसरा हिस्सा वर आलेला, तोही पिवळा आणि मान टाकलेला. मधूनमधून मात्र, कुणी मुद्दाम पेरल्यासारखी, लांबट दोन दलांची, लवदार देठाची ठणठणीत रोपं. एक पान चुरडून वास घेतला. टोमॅटो! त्या महिन्यात मी टोमॅटोच्या बियाची पुडीसुद्धा फोडली नव्हती. सगळे ट्रे मिळून मोजली, अडतीस भरली.

बी ट्रेमध्ये घातलेल्या गाळखतातून आलं होतं. आणि खतात कुठून आलं म्हणाल, तर स्पष्टच सांगते, माणसाच्या पोटातून. टोमॅटोचं बी पोटात पचत नाही. ते संडासातून गटारात, गटारातून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आणि तिथून गाळात जसंच्या तसं उतरतं. गाळ वाळवायच्या वाफ्यांवर टोमॅटो माजलेले दिसतात ते त्यामुळेच. गाळाचं कंपोस्ट नीट तापलं असेल तर हे बी मरतं. जर्मनीत जैविक कचऱ्याच्या कंपोस्टची प्रक्रिया पारखताना टोमॅटोचं बी मुद्दाम ढिगात घालतात आणि नंतर ते उगवतं का ते पाहतात. माझ्याकडे हीच परीक्षा आपोआप झाली, आणि खत नापास झालं.

तर हे परीक्षण सांडपाण्याच्या गाळापासून केलेल्या कंपोस्टचं आहे. मी ते दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेक ट्रॉली आणलं आणि दोन हंगाम वापरून पाहिलं. ठिकाणांची नावं देणार नाही. पहिल्याचं देऊन भांडण विकत घ्यायचं नाही, आणि दुसऱ्याचं दिलं तर जाहिरात केल्यासारखं होईल. मी रोपवाटिका चालवते, शेजारी थोडी फळझाडं आहेत आणि एक मक्याचा तुकडा. मातीत हात घालून अठरा वर्षं झाली, तरी पहिल्या ट्रॉलीला फसलेच.

फसले ती वासाला. विकणाऱ्याने मूठभर खत हातावर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, वास घेऊन बघा. पावसाच्या पहिल्या सरीचा वास येतो की नाही?" खरंच येत होता. रंग काळाभोर, हाताला भुसभुशीत, चाळून काढलेलं. शेणखताच्या ढिगात असतात तशा काड्या नाहीत, गवताचं बी नाही. मी लगेच हो म्हटलं. कुठला गाळ, किती दिवसांचा ढीग, किती तापला, काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच तेव्हा माहीत नव्हतं.

घरी ट्रॉली रिकामी झाली तेव्हा सासूबाई ओसरीवर आल्या. "हे तसलं आहे ना?" मी म्हटलं, हो, पण प्रक्रिया केलेलं. त्या नाकाला पदर लावून आत गेल्या. पुढचे चार दिवस माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला नाही. मी हात साबणाने धुवून त्यांना दाखवत होते, तेही पुरलं नाही. गंमत अशी की आपल्या भाषेत या खताला पूर्वीपासून सोनखत म्हणतात. शब्दातच सोनं घालून ठेवलंय, पण ट्रॉली दारात आली की नाकाला पदर.

आता सासूबाईंची बाजू घ्यावी लागेल, कारण भीती खोटी नाही. मैल्यात जंत, साल्मोनेलासारखे जिवाणू, आतड्याचे विषाणू सगळं असतं. त्यातही जंताची अंडी सगळ्यात चिवट. मातीत ती वर्षानुवर्षं टिकतात, वाळवली तरी सहजासहजी मरत नाहीत. त्यांना मारते ती उष्णता, आणि उष्णतेचा हिशेब ठरलेला आहे: ६२ अंशांना एक तास, ५० अंशांना एक दिवस, ४६ ला एक आठवडा, ४३ ला एक महिना. इतकं तापलं की अंडी, विषाणू, जिवाणू सगळे निकामी धरले जातात. कंपोस्टचा ढीग हे तापमान स्वतःच्या जोरावर गाठतो, लाकूड जाळावं लागत नाही. फक्त ते सगळ्या ढिगात गाठलं गेलं पाहिजे. काठाला, तळाला, जिथे ओला गोळा तसाच राहिलाय तिथेसुद्धा. ढीग मधोमध वाफाळतोय आणि काठाला गार आहे, असं असेल तर काठातलं सगळं जिवंत राहतं. माझ्या ट्रेमध्ये उगवलेलं टोमॅटोचं बीही बहुधा असंच काठावर राहिलेलं.

पहिल्या ट्रॉलीचं आणखी एक लक्षण मी बघूनही दुर्लक्ष केलं होतं. ताडपत्रीखाली ढीग तीन दिवस पडून होता. त्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत चांगलं गरम लागलं. मला वाटलं उन्हाने तापलं असेल. उन्हाने तापलेला ढीग वर गरम असतो, आत नाही! आतून गरम म्हणजे कुजणं अजून चालूच आहे, खत पिकलेलंच नाही. अशा कच्च्या खतात अमोनिया असतो, छोटी सेंद्रिय आम्लं असतात, क्षारही जास्त असतात, आणि बियाच्या कोवळ्या मुळाला हे तिन्ही सोसत नाही. झेंडू त्याने गेला. टोमॅटो तगला, कारण तो दांडगा.

मग खात्री करायला मुळ्याच्या बियाची परीक्षा घेतली. एक भाग खत, दहा भाग पाणी, तासभर ढवळून फडक्यातून गाळलं. दोन बशांत टिपकागद, एकीत साधं पाणी, एकीत ते खताचं पाणी, आणि प्रत्येकीत वीस वीस बिया. तिसऱ्या दिवशी साध्या पाण्यात एकोणीस उगवल्या, खताच्या पाण्यात सात. त्या सातांची मुळं तपकिरी, टोकं जळाल्यासारखी. हे मी खत आणायच्या आधी करायला हवं होतं. मूठभर नमुना आणून तीन दिवस थांबले असते तर ट्रेची सगळी लावणी वाचली असती.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने माझ्याच पाण्याला, ट्रेला आणि बियाला दोष दिला. ढिगाच्या तापमानाची नोंद मागितली. दोन दिवसांनी एका कागदाचा फोटो आला. एकवीस ओळी, प्रत्येक ओळीत तारीख आणि पुढे ६०. सगळे साठ, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. ढीग काही बँकेतली ठेव नाही, रोज एकच आकडा दाखवायला.

दुसऱ्या ठिकाणी मी खत बघायला गेले नाही, नोंदवही बघायला गेले. तिथे मात्र अर्धा दिवस कसा गेला कळलं नाही.

आवारात शिरल्या शिरल्या नाकाला झोंबतो तो गाळ. शुद्धीकरण केंद्रातून पाणी पिळून आलेला, काळपट, चिखलासारखा, फावड्याने कापता येईल इतका घट्ट. पिळलेला म्हटलं तरी शंभर किलोत ऐंशी किलो पाणीच. हा असाच ढिगाला घातला तर हवा शिरायला जागाच नाही, मग तो तापत नाही, सडतो आणि दुर्गंध सोडतो. शिवाय त्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि कार्बन कमी, एका भाग नत्राला दहा भाग कार्बनही नाही; कंपोस्टला लागतो पंचवीस-तीस भाग. म्हणून त्यात लाकडाचे कपचे मिसळतात, गाळाच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाने. कपच्यांनी पोकळी राहते, कार्बन मिळतो, ओल शोषली जाते. मिश्रण मुठीत दाबलं तर बोटांतून थेंब गळायला नको, पण मूठ ओलसर झाली पाहिजे, इतकी साधी कसोटी तिथल्या मजुरांना पाठ आहे.

ढिगाखाली भोकं पाडलेले पाइप असतात आणि ते ब्लोअरला जोडलेले. ढीग उलथत नाहीत, त्याच्यातून हवा खेचतात. वरून पक्क्या खताचा फूटभर थर, रजईसारखा, म्हणजे वरचा थरही तापतो आणि वासही अडतो. ब्लोअरने बाहेर काढलेली हवासुद्धा सरळ सोडत नाहीत, पक्क्या खताच्याच एका छोट्या ढिगातून गाळून सोडतात. ही पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेत, मेरिलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या कृषी संशोधन केंद्रात बसवली गेली. एकवीस दिवस हवा देत कुजवायचं, मग महिनाभर नुसतं पिकवायचं. तिथल्या देखरेख करणाऱ्या दादांना हे नाव माहीत नव्हतं, पण एकवीस आणि तीस हे आकडे त्यांच्या जिभेवर होते.

त्यांनी माझ्या हातात मीटरभर लांबीचा तापमापक दिला. जाड सळई, वर घड्याळासारखी तबकडी. "कुठंही खुपसा ताई." मी मध्यावर खुपसला. काटा सावकाश चढत चौसष्टवर थांबला. सळई बाहेर काढली तर हातमोज्यातूनही चटका बसला, आणि भोकातून वाफेची बारीक रेघ निघत राहिली. मग मी मुद्दाम, खोडसाळपणे म्हणा हवं तर, ढिगाच्या अगदी पायथ्याशी खुपसला. एकोणपन्नास.

मला वाटलं आता सबबी सुरू होणार. दादा शांतपणे म्हणाले, "काठाला कमीच येणार. म्हणून काठाचा माल आम्ही विकत नाही. तो सोलून काढतो आणि पुढच्या ढिगाच्या पोटात घालतो." आणि त्यांनी लोडर दाखवला. दोन बकेटा, एकीवर लाल रंगाचा पट्टा. लाल पट्ट्याची फक्त कच्च्या मालाला. "एकच बकेट दोन्हीकडे घातली ना, की तीन आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत पाण्यात." हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. पक्क्या खताला कच्च्याचा हात लागला तर जंतू परत येतात, आणि खत अर्धकच्चं आणि ओलं असेल तर त्यात साल्मोनेला पुन्हा वाढूही शकतो. चांगलं पिकलेल्या खतात इतर सूक्ष्मजीव इतके असतात की त्याला सहसा थारा मिळत नाही.

मग नोंदवही. मळकी, कोपरे दुमडलेली, पानांवर बोटांचे ठसे. माझी ट्रॉली ज्या ढिगातून भरायची होती, त्याचं पान त्यांनी काढून दिलं. ४४, ५२, ५७, ६१, आणि मग एकदम ५१, पुढे लिहिलेलं: "ब्लोअर बंद. मोजणी परत." त्या दिवसानंतर ५५ च्या वरचे तीन दिवस नव्याने मोजलेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९९३ च्या नियमात, ज्याला भाग ५०३ म्हणतात, हवा दिलेल्या स्थिर ढिगाला ५५ अंश किंवा जास्त तापमान सलग तीन दिवस हवं असतं. ढीग उलथायच्या पद्धतीत हेच पंधरा दिवस, आणि त्या काळात किमान पाच वेळा उलथापालथ. ते एकावन्न पाहून मी तिथेच ट्रॉली सांगितली. ज्या वहीत चुकलेला दिवस लिहिलेला असतो, तिच्यावर माझा विश्वास बसतो.

एक सूचना जाता जाता. चाळणी चालू असताना मी जवळ उभी राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोकत होते. लाकडाच्या कपच्यांवर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते, तिला उष्णता मानवते, आणि चाळताना तिचे बीजाणू धुळीबरोबर उडतात. दम्याचा त्रास असेल तर चाळणीजवळ जाऊच नका, आणि शेतात कोरडं खत फेकतानाही तोंडाला मास्क बांधा. दादांच्या माणसांना मास्क होते, सगळ्यांनी घातले होते असं म्हणता येणार नाही.

आता वापराबद्दल. ट्रॉलीत चार टन, त्यात चाळीस टक्के पाणी, म्हणजे कोरडं खत दोन हजार चारशे किलो. अर्धी ट्रॉली मक्याच्या बारा गुंठ्यांत पसरून वखरली, उरलेली फळझाडांच्या आळ्यांत आणि ट्रेंमध्ये. ट्रेच्या मिश्रणात मात्र या वेळी चाळलेलं खत चौथा हिस्साच, बाकी नारळाचा भुसा आणि माती. मुळ्याची परीक्षा आधी घेतली: पाण्यात एकोणीस, खताच्या पाण्यात अठरा. टोमॅटो शून्य. ट्रे रोज सकाळी बघायचे, अगदी पहिल्या ट्रेला सासूबाईंनासुद्धा बोलावलं होतं. त्या लांबून बघून गेल्या.

मातीवर परिणाम बघायचा असेल तर माझ्या मक्याच्या तुकड्याचा वरचा कोपरा बघावा. मुरमाड, पाणी न धरणारा. पूर्वी पाणी दिलं की तिसऱ्या दिवशी तडे. पहिल्या हंगामाच्या शेवटी तिथे ढेकूळ हातात घेतलं तर ते दगडासारखं न फुटता रव्यासारखं सुटलं, आणि पाण्याची पाळी दोन दिवस पुढे ढकलता आली. या एका कामासाठी हे खत मला फार आवडलं. शेणखतापेक्षाही जास्त काळ टिकेल असं वाटतंय, कारण यातला लाकडाचा भाग हळूहळूच कुजतो.

पण नत्रासाठी यावर विसंबू नका. मी विसंबले आणि मका गुडघ्याएवढा झाल्यावर पिवळा पडला. खताच्या तपासणी अहवालात नत्र दीड टक्का होतं. मक्याला गेलेल्या बाराशे किलोत झालं अठरा किलो. ऐकायला छान. पण कंपोस्ट झालेल्या गाळातलं सेंद्रिय नत्र पहिल्या वर्षी साधारण दहा टक्केच सुटतं असं धरतात. म्हणजे बारा गुंठ्यांना दोन किलोसुद्धा नाही. कच्च्या गाळातलं नत्र यापेक्षा कितीतरी लवकर सुटतं, कंपोस्टमध्ये ते बांधलं जातं. ज्यांना हे कळत नाही ते खताला शिव्या देतात, आणि त्यात मीही होते.

दुसरी उणीव पालाशची (पोटॅशची). दुसऱ्या हंगामात मक्याच्या खालच्या पानांच्या कडा करपल्या, बाहेरून आत, जणू काडीने जाळल्यात. पालाश कमी. कारण समजलं तेव्हा हसू आलं: पालाश पाण्यात विरघळतं, त्यामुळे शुद्धीकरण केंद्रातून ते शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर निघून जातं आणि गाळात फारसं उरतच नाही. उलट स्फुरद (फॉस्फरस) गाळात साचतं. नत्राची भरपाई करायला म्हणून दरवर्षी हे खत ओतत राहिलात तर स्फुरदाचा डोंगर होईल. मी आता दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही माती तपासून, असं ठरवलंय. पालाशला लाकडाची राख देते, तीही बेताने.

आणि आता ज्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला तो भाग: धातू. ढिगाची उष्णता जंत मारते, पण कॅडमियम, शिसं, पारा यांना तिचा उपयोग शून्य. किंबहुना उलटंच होतं. सेंद्रिय भाग कुजून हवेत जातो, धातू तिथेच राहतात, त्यामुळे गाळातला त्यांचा वाटा वाढतो. कपचे मिसळल्याने थोडा पातळ होतो, एवढंच. म्हणजे कंपोस्ट किती उत्तम झालंय याचा धातूंशी काही संबंध नाही. तो संबंध गटारात कोण काय सोडतं त्याच्याशी. फक्त घरांचं सांडपाणी असेल तर गोष्ट वेगळी, त्यात धातूचा मुलामा देणारे कारखाने असतील तर वेगळी. म्हणून मी दादांना दुसरा प्रश्न विचारला तो हाच: तुमच्या केंद्राला कारखान्यांची गटारं जोडलेली आहेत का? त्यांनी नाही म्हटलं, पण मी अहवालही मागितला. मिळाला, त्याच ढिगाच्या क्रमांकाचा.

कॅडमियम किलोला २ मिलिग्रॅम. बाराशे किलोत २.४ ग्रॅम. चिमूटभर म्हणा. बारा गुंठ्यांवर पसरल्यावर हेक्टरी हिशेब येतो २० ग्रॅम. युरोपच्या १९८६ च्या गाळविषयक निर्देशात दहा वर्षांच्या सरासरीने वर्षाला हेक्टरी १५० ग्रॅमपर्यंत मुभा आहे. अमेरिकेच्या भाग ५०३ मध्ये उत्तम प्रतीच्या गाळखतालाही किलोला ३९ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ३०० शिसं चालतं. आकड्यांत एवढी तफावत बघून मी एकाच नियमावर भरवसा ठेवणं सोडलं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत तर सांडपाण्याचा गाळ घातलेल्या मालाला कंपोस्ट या वर्गात बसूच देत नाहीत. स्वित्झर्लंडने गाळ शेतात टाकणंच बंद केलं. कुणाचं बरोबर यावर मी बोलणार नाही. मी माझ्या तुकड्याचा हिशेब मांडते आणि वहीत लिहून ठेवते, कारण मातीत गेलेलं कॅडमियम परत काढता येत नाही.

जस्त आणि तांबं जास्त झालं तर आधी पीकच आजारी पडतं, म्हणजे ते आपल्याला आधी कळतं. कॅडमियम तसं नाही. झाड हिरवंगार दिसतं आणि पानात ते साठत राहतं, पालेभाजीत सगळ्यात जास्त. जमीन आम्लधर्मी असेल तर आणखी जोरात. म्हणून पालेभाज्या आणि मुळं खायची पिकं यांच्या वाफ्यांत मी हे खत एक चमचाही घातलेलं नाही, आणि जमिनीचा सामू (पीएच) साडेसहाच्या वर आहे का ते बघूनच मक्यात घातलं. कच्चं खायचं आणि जमिनीला टेकणारं पीक असेल तर युरोपच्या त्याच निर्देशात गाळ टाकल्यापासून काढणीपर्यंत दहा महिन्यांचं अंतर सांगितलंय. फळझाडांना सूट आहे, आणि माझ्या मते हे खत तिथेच सगळ्यात शोभतं.

एका गोष्टीवर मात्र दादांकडेही उत्तर नव्हतं. पीफास. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कपडे, आग विझवायचा फेस यांतली ही रसायनं कंपोस्टच्या ढिगात मोडत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्यात गाळ टाकलेल्या शेतांत ती सापडल्यावर २०२२ मध्ये गाळ आणि गाळाचं कंपोस्ट दोन्ही शेतात टाकण्यावर बंदी आली. मी विचारलं, तपासलंय का? "नाही ताई. खर्चिक काम आहे, प्रयोगशाळाही कमी." खरं बोलले याचं बरं वाटलं, पण उत्तर तर नाहीच मिळालं. कारखान्याचं पाणी नसलेलं केंद्र असलं की ही जोखीम कमी होते, संपत नाही, कारण आपल्या घरातूनही ती गटारात जातातच. प्लास्टिकचे बारीक कणही तसेच. चाळणीतून सुटलेला निळ्या पिशवीचा नखाएवढा तुकडा मला आळ्यात दिसला, तो मी उचलला. डोळ्यांना न दिसणारे किती गेले असतील त्याला काय करणार?

दुसऱ्या ट्रॉलीला मी पाचपैकी साडेतीन देते. अर्धा गुण त्या नोंदवहीतल्या एकावन्नचा आहे. दीड कापला तो पालाशसाठी, पीफासच्या अहवालासाठी आणि त्या निळ्या तुकड्यासाठी. ट्रॉली सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन दिवस उशिरा आली, त्याचे गुण कापत नाही; खत पूर्ण पिकलं नाही म्हणून थांबवलं होतं, आणि तसा फोन आधी आला होता. पहिल्या ट्रॉलीला शून्य द्यावंसं वाटतं, पण खोटं कसं बोलू, तिने मला मुळ्याची परीक्षा शिकवली. अर्धा.

रोपवाटिकावाल्यांना एवढंच सांगेन की ट्रेमध्ये हे खत चौथ्या हिश्श्याच्या वर नेऊ नका, कितीही पिकलेलं असलं तरी. क्षार कोवळ्या रोपाला भोवतात. एकदा पाणी देऊन खालून निथळू द्या, मगच बी टाका. मोठ्या झाडांना, बांधावरच्या उघड्या मुरमाला, खोदून ठेवलेल्या खड्ड्यांना बिनधास्त, पण ढिगाचा क्रमांक असलेला अहवाल हातात आल्यावर.

पहिल्या ट्रॉलीतलं उरलेलं खत टाकायला जागा नव्हती. दादांना विचारलं, तर ते म्हणाले, परत ओलं करा, कपचे मिसळा आणि मोठा ढीग करून तापवा. ते काही मला जमलं नाही, माझ्याकडे ब्लोअर नाही आणि तेवढा ढीगही नाही. शेवटी कुंपणाच्या झाडांच्या बुडाशी खोल चर खणून गाडलं, वर वीतभर माती टाकली, आणि पोरांना तिकडे खेळायला बंदी केली. सासूबाई आता माझ्या हातचा चहा घेतात, पण त्या कुंपणाच्या बाजूने फिरायला जात नाहीत. परवा त्याच मला आत येऊन सांगत होत्या, "तुझा टोमॅटो पुन्हा उगवलाय गं, तिकडे कोपऱ्यात. काढून टाक." बघितलं तर खरंच, चराच्या कडेला, हातभर वाढलेला, फुलावर आलेला. मुळासकट उपटला.